उड्डाणशिक्षणातील अनध्याय

दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठ महिन्यातील गोष्ट आहे. आमचे शिरूरचे एक जुने विद्यार्थी आपली वृद्ध मातोश्री, धाकटे बंधू आणि वीस वर्षांची कन्या यांसह दौंडास आमच्या घरी आले. चैत्रात त्यांच्या हृदयावर पुण्यास शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हापासून त्यांचे आमच्याकडे येणे झाले नव्हते, म्हणून प्रकृतीचा समाचार सांगावयास आले असावेत अशी आमची समजूत झाली. परंतु चहा झाला, पेले उचलले गेले, तरी मंडळी गप्पच. अखेर मातोश्रींनीच तोंड उघडले. “गुरुजी, आमच्या घरात दीड महिना झाला, एका प्रश्नावरून कोणी धड जेवत नाही. तुम्ही काय ते सांगा.”

प्रश्न असा होता. ही कन्या आपल्याच जिल्ह्यातील एका उड्डाणशाळेत वैमानिकाचे शिक्षण घेत होती. व्यवसायाच्या परवान्यास, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी तिचे ८४ तास झाले होते. शिक्षणासाठी शिरूरचा वडिलोपार्जित वाडा बँकेकडे तारण होता. वडिलांच्या दुखण्यात तिने पहाटे उड्डाण, दुपारी प्रवास आणि रात्री रुग्णालयात जागरण असा क्रम तीन आठवडे चालविला. एके सकाळी एकटीच विमान उतरवीत असता चाके धावपट्टीवर आपटून विमान दोनदा उसळले. तिने प्रसंगावधान राखून पुन्हा उड्डाण केले, फेरी घेतली आणि दुसऱ्या खेपेस नीट उतरली. कोणास इजा झाली नाही, विमानाचेही काही बिघडले नाही. पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

आजीचे म्हणणे, मुलीस काही काळ घरी आणावे. काकांचे म्हणणे, आता थांबलो तर घातलेला पैसा पाण्यात गेला असे समजावे. हात गेला की गेला. वडील म्हणत, “तिच्या मनाप्रमाणे होऊ द्या.” आणि या एका वाक्याने सगळा भार त्या पोरीच्या डोक्यावर येऊन पडला होता. तिला आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, मला थांबायचीही भीती वाटते आणि परत जायचीही.”

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला. विमानचालकाच्या शेजारी आम्ही कधी बसलो नाही. यास्तव त्या दिवशी आम्ही निर्णय दिला नाही; आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जाणत्यांस विचारून आणि वाचून जे समजले, व त्यानंतर जे घडले, ते येथे देत आहो. आपल्या वाचकांच्या घरांतूनही आता मुलेमुली या विद्येकडे वळू लागली आहेत. हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाच्याही ओसरीवर उद्या येऊन बसेल.

प्रथम आमच्या परिचयाच्या शास्त्राकडे वळू. शिक्षणात खंड पडणे हे आपल्या पूर्वजांस अशुभ वाटत नव्हते. त्यांनी त्यास ‘अनध्याय’ असे नावच दिले आणि त्याचे नियम केले. मनुस्मृतीच्या मते श्रावण किंवा भाद्रपद पौर्णिमेस उपाकर्म करून साडेचार महिने वेदाध्ययन करावे व पौषात त्याचे उत्सर्जन करावे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी या तिथींस पाठ बंद. मेघगर्जना, भूकंप, उल्कापात, धुळीचे वादळ असता पाठ बंद. शिष्य, ऋत्विज, गुरू वा बांधव निवर्तल्यास तीन दिवस पाठ बंद, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. शोकाकुल किंवा भयभीत मनाने विद्या घेऊ नये, हे त्या नियमांच्या मुळाशी असलेले शहाणपण आहे. त्या ग्रंथांनी मुलीस हा अधिकार दिला नव्हता, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु शहाणपण जेथे असेल तेथून ते घ्यावे.

मात्र यात एक मर्म आहे. अनध्यायास आरंभ असतो, कारण असते आणि शेवटही असतो. अष्टमीचा अनध्याय नवमीस संपतो. शिवाय वेदांगांच्या अभ्यासास आणि नित्य स्वाध्यायास अनध्यायाची आडकाठी नाही, असे मनूने स्वच्छ सांगितले आहे. म्हणजे मुख्य पाठ थांबला तरी व्याकरण, छंद, ज्योतिष चालू राहावयाचे. याउलट जो खंड न ठरविता पडतो, ज्यास तिथी नसते आणि ज्यात पोथीच मिटली जाते, त्यास आमच्या शास्त्रात निराळा शब्द आहे: प्रमाद. बाहेरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. मुलगा घरी बसलेला असतो एवढेच. पण एकातून मनुष्य परत येतो, दुसऱ्यातून बहुधा येत नाही.

या प्रमादाचे उदाहरण आम्ही दौंडातच पाहिले आहे. आमच्या आळीतील एक मुलगा अशाच शिक्षणास गेला होता. चाळीसेक तास झाल्यावर घरी काही अडचण आली. “सध्या राहू दे, पुढे पाहू,” असे वडील म्हणाले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. दिवाळी गेली, मग बहिणीचे लग्न आले, मग पैशाची जुळवाजुळव राहिली. आज तो एका दुकानात हिशेब लिहितो आणि मानाने जगतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण आपले शिक्षण नक्की कोणत्या दिवशी संपले, हे त्यालाही सांगता येत नाही. ते कोणी संपविले नाही. ते नुसते संपले. त्याची उड्डाणाची नोंदवही अद्याप कपाटात आहे, आणि तिच्याविषयी घरात कोणी बोलत नाही.

आता काकांच्या म्हणण्याकडे वळू. हात खरोखरच जातो काय? या प्रश्नाचे पहिले उत्तर आम्हास घराशेजारीच मिळाले. दौंड हे जंक्शन. येथून एक मार्ग सोलापूरकडे, दुसरा मनमाडकडे, तिसरा बारामतीकडे जातो, आणि गावात रेल्वेची घरे पुष्कळ. आमचे एक शेजारी इंजिनचालक म्हणून निवृत्त झाले; त्या हुद्द्यास हल्ली ‘लोको पायलट’ म्हणतात हा एक योगायोगच. त्यांनी सांगितले की, चालक एखाद्या मार्गावर तीन महिन्यांहून अधिक काळ गेला नसेल, तर त्यास एकदम गाडी देत नाहीत. त्या मार्गाचा सराव असलेल्या चालकाबरोबर त्याने आधी शिकण्याची फेरी करावयाची. खंड जितका मोठा तितक्या फेऱ्या अधिक. यास ते ‘लर्निंग रोड’ म्हणतात. “गुरुजी, वीस वर्षे मनमाडचा रस्ता केलेल्या माणसालासुद्धा हे लागू आहे,” ते म्हणाले. “त्यात अपमान कसला? सिग्नल कुठे आहे हे डोळ्यांना पुन्हा दाखवायचे.”

विमानाच्या बाबतीत याची पद्धतशीर परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खाजगी परवाना मिळालेल्या वैमानिकांस ८, १६ आणि २४ महिन्यांनी पुन्हा तपासले. कौशल्याचा ऱ्हास चांगलाच झालेला आढळला. आणि विशेष हे की, आपण नेमके काय विसरलो आहो याचा अंदाज त्यांचा त्यांस नीट करता आला नाही. याच संशोधकांपैकी दोघांनी पुढे मांडले की, विमान हाताने सावरण्याची कला त्या मानाने टिकते. आधी जातो तो क्रम. कोणत्या वेळी काय तपासावयाचे, कोणास काय कळवावयाचे, कशानंतर काय करावयाचे, हे मनातून प्रथम निसटते. पाठांतर केलेल्या कोणासही हे पटेल. सूक्ताचा स्वर जिभेवर राहतो, पण मधली एक ऋचा केव्हा गळाली ते आपले आपणास कळत नाही. शेजारी दुसरा म्हणणारा असला तरच कळते.

म्हणजे काकांचे म्हणणे अर्धे खरे होते. हात जात नाही. क्रम जातो, आणि क्रम घरी बसूनही राखता येतो.

नोंदवहीतील तास चार महिन्यांच्या विसाव्याने कोठे जात नाहीत. फक्त नियमांतील मुदती ध्यानात ठेवाव्या लागतात. व्यवसायाच्या परवान्यासाठी विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन केलेले १०० तास लागतात, आणि त्यांपैकी १५ तास अर्ज करण्यापूर्वीच्या सहा महिन्यांतील असावे लागतात. रात्रीची दहा उड्डाणे व दहा अवतरणेही याच सहा महिन्यांत झालेली हवीत. पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र चाळिशीच्या आतील उमेदवारास बारा महिनेच चालते. यावरून एक गोष्ट उघड होते: शिक्षण अगदी पुरे होत आले असता शेवटच्या टप्प्यात थांबणे महागात पडते, कारण जवळ आलेल्या मुदती हातच्या जातात. तसेच पहिल्या एकट्याच्या उड्डाणापूर्वी थांबणेही बरे नाही, कारण तोवर घडीच बसलेली नसते. मधला टप्पा एकदा पुरा झाला की तेथे विसावा घेणे त्या मानाने सोयीचे. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून थांबण्यापूर्वी शाळेकडून आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या प्रकाशनांतून त्या दिवसाचा नियम पाहून घ्यावा.

पैशाचा हिशेबही भीतीने नव्हे, पाटीवर करावा. उचललेले कर्ज २० लाख आणि व्याज शेकडा १० धरले, तर सरळ व्याजाने महिन्यास सुमारे १६,७०० रुपये पडतात. चार महिन्यांच्या विसाव्याची किंमत साधारण ६७,००० रुपये होते. ही रक्कम लहान नाही. पण ‘सगळे पाण्यात’ या शब्दांत आणि ६७,००० या आकड्यात केवढे अंतर आहे पहा! शैक्षणिक कर्जाची फेड सामान्यतः शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. शिक्षणाची मुदत लांबणार असेल तर ते बँकेस आधीच लेखी कळवावे.

थांबून परत आलेल्यांत सर्वांत मोठे नाव चार्ल्स लिंडबर्ग याचे आहे. १९२२ साली अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात त्याने उड्डाणाचे धडे घेतले. परंतु विमानाची नुकसानी झाल्यास भरावयाच्या तारणाचे पैसे जवळ नसल्यामुळे त्यास एकट्याने उडू दिले नाही. पुढे त्याने गावोगावच्या विमानखेळांत पंखावर उभे राहण्याची, छत्रीने उडी घेण्याची आणि यंत्रदुरुस्तीची कामे केली. १९२३ च्या मे महिन्यात जॉर्जियात त्याने ५०० डॉलरला एक जुने लष्करी विमान विकत घेतले, तेव्हा सहा महिन्यांहून अधिक काळ त्याने विमानास हात लावलेला नव्हता. तेथे आलेल्या एका वैमानिकाने त्यास बरोबर घेऊन अर्धा तास सराव करविला आणि मग तो प्रथमच एकटा उडाला. त्यानंतर चार वर्षांनी, १९२७ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडणारा पहिला मनुष्य तोच. त्याचे सर्वच अनुकरण आज कोणी करू नये. पण तो अर्धा तास लक्षात ठेवावा. दौंडच्या चालकाची शिकण्याची फेरी ती हीच.

परंतु प्रत्येक खंड असाच संपतो असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सरला ठकराल यांनी १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लाहोर येथे विमानचालनाचा परवाना मिळविला. असा परवाना मिळविणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्या वेळी त्या एका लहान मुलीच्या आई होत्या. १९३९ साली त्यांचे वैमानिक पती अपघातात निवर्तले. त्या व्यवसायाच्या परवान्याच्या तयारीसाठी जोधपूरला गेल्या. तोच महायुद्ध सुरू झाले आणि नागरी उड्डाणशिक्षण बंद पडले. मग त्यांनी लाहोरास परतून कलाशाळेत प्रवेश घेतला, आणि फाळणीनंतर दिल्लीस येऊन वस्त्रे व अलंकार यांच्या आरेखनात नाव मिळविले. त्यांचा खंड संपला नाही; पण त्यांनी तो लोंबकळतही ठेवला नाही. एक दार मिटले हे ओळखून दुसरे उघडले. थांबणे आणि सोडणे या दोन्हींत मान आहे, दोन्ही जाणून केले तर.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा तर कोणाचा काही अपराध नसता देशभरची उड्डाणशाळांतील मुले घरी बसली होती. खंड पडणे म्हणजे विद्यार्थ्याचा नाकर्तेपणा, ही समजूत निदान तेव्हापासून तरी घराघरांतून जावयास हवी होती.

उरला भीतीचा प्रश्न. या विद्येत उड्डाणापूर्वी स्वतःस विचारावयाचे सहा प्रश्न जगभर शिकवितात. आजार आहे काय? औषध घेतले आहे काय? मनावर ताण आहे काय? मद्य घेतले आहे काय? थकवा आहे काय? जेवण व मनःस्थिती ठीक आहे काय? आम्ही ही यादी त्या मुलीपुढे ठेवली आणि गेल्या तीन आठवड्यांविषयी उत्तर देण्यास सांगितले. तिसऱ्या प्रश्नापाशी ती थांबली, पाचव्यापाशी तिने मान खाली घातली. ती भित्री नव्हती, थकलेली होती. ज्या विद्येत थकलेल्या माणसाने जमिनीवर राहावे हाच पहिला धडा आहे, त्या विद्येची ती खरी विद्यार्थिनी होती, आणि तो धडा पाळण्याची तिलाच लाज वाटत होती.

आठव्या दिवशी आम्ही शिरूरला गेलो. निर्णय आम्ही दिला नाही. तो तिने आणि तिच्या घराने केला. आम्ही फक्त चार गोष्टी कागदावर लिहून घेतल्या. थांबण्याचे कारण काय: वडिलांची शुश्रूषा आणि झोप. परतण्याचा दिवस कोणता: विजयादशमीनंतरचा पहिला सोमवार. मध्यंतरी काय चालू राहणार: हवामानशास्त्र व नेव्हिगेशन यांचा अभ्यास आणि रोज सकाळी अर्धा तास क्रमाचे पाठांतर. परतल्यावर पहिली उड्डाणे कोणाबरोबर: शिक्षकांबरोबर, त्यांनी पुरे म्हणेपर्यंत. कागदावर काकांनीही सही केली. पुढे आषाढ-श्रावण होते. आपला शिरूर-दौंडचा टापू अवर्षणाचा खरा, पण त्या दिवसांत ढग खाली उतरतात, वारा सुटतो आणि उड्डाणाचे दिवस नाही तरी कमी होतात. अनध्यायास काळही अनुकूल मिळाला.

त्या चार महिन्यांतील एक दृश्य सांगितल्यावाचून राहवत नाही. भाद्रपदात आम्ही त्यांच्या घरी गणपतीस गेलो होतो. माजघरात ती मुलगी लाकडी खुर्चीवर ताठ बसली होती. समोर भिंतीवर विमानातील यंत्रफलकाचे चित्र. डोळे मिटून हात पुढे नेत ती एकेक क्रिया उच्चारीत होती: इंधन, मिश्रण, फ्लॅप, ब्रेक. शाळेत यास ‘चेअर फ्लाइंग’ म्हणतात असे कळले. शेजारी आजी कागद घेऊन बसल्या होत्या. आजींना इंग्रजी येत नाही, म्हणून नातीने सर्व क्रम देवनागरीत लिहून दिला होता. एका ठिकाणी नात अडखळून पुढे गेली, तोच आजी म्हणाल्या, “थांब. एक राहिले. पुन्हा पहिल्यापासून.” दीड महिना ज्यांनी मुलीस घरी आणण्याचा हट्ट धरला होता, त्याच आता तिला परत पाठविण्याची तयारी करून घेत होत्या.

ठरल्या सोमवारी ती गेली. शिक्षकांनी तिला तीन दिवस बरोबर घेऊन उडविले. विमान तिने पहिल्याच दिवशी नीट उतरविले; चुकली ती मनोऱ्याशी करावयाच्या एका संभाषणात, कारण तेवढेच आजींच्या कागदावर नव्हते. चौथ्या दिवशी ती एकटी उडाली. दुपारी शिरूरला फोन आला, तोवर आजी जेवल्या नव्हत्या.

गेल्या फाल्गुनात तिला परवाना मिळाला. नोकरी अद्याप लागलेली नाही. वाडा बँकेकडेच आहे आणि हप्ते सुरू व्हावयाचे आहेत. म्हणून ‘सर्व गोड झाले’ असे म्हणण्याचा अधिकार आम्हास नाही. ती परत न जाती, तरीही त्या चार महिन्यांचा निर्णय आम्ही चूक म्हटला नसता. आणि परवाना मिळाला म्हणून तो बरोबर ठरला असेही नाही. झोप नसलेल्या मुलीस विमान देऊ नये म्हणून तो योग्य होता, आणि त्यास शेवटची तिथी होती म्हणून तो सुरक्षित होता.

ज्या घरी असा प्रश्न उभा असेल त्यांनी ‘थांबावे की थांबू नये’ या वादात दिवस घालवू नयेत. कारण, तिथी, मधला स्वाध्याय आणि परतीच्या वेळी बरोबर बसणारा गुरू, ही चार उत्तरे कागदावर उतरतात की नाही ते पाहावे. उतरली तर मुलास खुशाल घरी आणावे. उतरत नसतील, तर तो विसावा नव्हे, मनात आधीच झालेला सोडण्याचा निर्णय असू शकतो. आणि तसे असेल तर तेही त्या मुलास मोकळेपणी बोलू द्यावे. कपाटात मिटून पडलेली आणि कोणी उल्लेख न करणारी नोंदवही मात्र कोणत्याच घरात असू नये.